चमचा, नाणं आणि मांजर

‘विचारा, संकोच नको’ या आपल्या सदरात मागच्या महिन्यात मी बिनवायरच्या चार्जिंगबद्दल जेमतेम सहा ओळी लिहिल्या होत्या. गाडी पार्किंगमधल्या एका जाड पाटावर येऊन उभी राहते, पाटातल्या तारेच्या वेटोळ्यातून गाडीच्या पोटाखालच्या वेटोळ्यात वीज जाते, मध्ये नुसती हवा, एवढंच. शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं: ‘त्या फटीत नाणं पडलं तर मात्र पंचाईत.’ पत्रं आली ती सगळी त्या नाण्यावर. तेव्हा गिझर आणि इन्व्हर्टरवाल्यांनी या खेपेला जरा थांबावं. (कंपन्या त्याला ग्राउंड पॅड म्हणतात. मी पाटच म्हणणार. जमिनीवर मांडतात आणि चौकोनी असतो, अजून काय हवं?)

प्रश्न: माझ्या इंडक्शन शेगडीवर नुसता चमचा ठेवून बटण दाबलं तर ती टूं टूं करून बंद पडते. चमचा कोमटसुद्धा होत नाही. मग पाटावरच्या नाण्याला एवढं काय घाबरायचं?
(निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर: ताई, शेगडी चमच्याला घाबरून बंद पडत नाही. चमचा तिच्या खिजगणतीतच नसतो. बटण दाबलं की ती थोडीशी वीज सोडून चाचपते, वर पातेल्याएवढं लोखंड आहे का. नसेल तर टूं टूं. म्हणजे तिचा सगळा शोध भांड्यासाठी. पाटाचं नेमकं उलट आहे. त्याचं गिऱ्हाईक, म्हणजे गाडीखालचं वेटोळं, आधीच वर येऊन बसलेलं असतं आणि तुमच्यासारख्या पाच शेगड्यांइतकी वीज ओढत असतं. पंगत बसलीय, वाढप जोरात आहे, आणि कुणीतरी आगंतुकाने मध्येच पान मांडलं. वाढपी त्यालाही वाढतो, कारण तो तोंडं बघत नाही.

नाणं का तापतं, तर पाटाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ८५,००० वेळा (म्हणजे ८५ किलोहर्ट्झला) आवर्तनं घेतं. त्यात कुठलाही धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे गोल प्रवाह फिरू लागतात. कारखान्यात आम्ही त्यांना एडी करंट म्हणायचो. हे प्रवाह इतक्या वेगाने उलटसुलट होत असतात की ते धातूच्या आत शिरतच नाहीत, कातडीवरूनच वाहतात. या वेगाला तांब्यात ही कातडी पाव मिलिमीटरहूनही कमी भरते आणि चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादात त्याहून कितीतरी पातळ. एवढ्याशा वाटेने सगळा प्रवाह जायचा, त्यात पोलादाचा अडथळा मुळात जास्त, म्हणून पोलाद चटकन तापतं.

घरी एक गोष्ट करून बघा. फ्रीजवरचं चुंबक काढा आणि पर्समधल्या चिल्लरीवरून फिरवा. हल्लीचं एक रुपयाचं आणि दोन रुपयांचं नाणं चिकटून येईल, कारण ते स्टेनलेस स्टीलचं आहे. दहाचं दुरंगी नाणं ढिम्म हलणार नाही. पाटावर दोन्ही तापतील, पण दोघांचा तापण्याचा आणि सापडण्याचा स्वभाव वेगळा. पुढच्या उत्तरात हे लागणार आहे.

नाण्यापेक्षा मला धास्ती आहे ती कागदाला चिकटवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पन्नीची. नाणं तापलं तर पाटाचं प्लॅस्टिक डागेल, उचलणाऱ्याची बोटं भाजतील. पन्नीला वजनच नसतं, ती काही क्षणांत तापते, आणि कागद तिला चिकटलेलाच असतो. कागद २३० अंशांच्या आसपास पेटतो. वेफर्सच्या पाकिटाची आतली चकाकी मात्र निराळी. तो थर वाफेने चढवलेला असतो, इतका पातळ की प्रवाहाला त्यात फिरायला वावच नाही. गोळ्यांच्या स्ट्रिपची पाठ ही खरी पन्नी.

आणि हो, हे प्रयोग शेगडीवर करू नका. चुंबकापर्यंतच थांबा.

प्रश्न: आम्ही चौघांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी १ किलोवॅटचा बिनवायरचा चार्जर बनवला आहे. किती पॉवर दिली आणि किती पोचली यातला फरक वाढला की बंद करायचं, असं लॉजिक टाकलं. फोनच्या चार्जरमध्ये असंच असतं असं वाचलं होतं. पण रुपयाचं नाणं ठेवलं तरी कळत नाही आणि काही न ठेवता मात्र मधूनच बंद पडतं. काय चुकतंय?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर: चुकत काहीच नाही, हिशेब छोटा पडतोय. फोनच्या चार्जिंगचं मानक आहे ‘ची’ नावाचं (मराठीत लिहिताना या नावाने फार छळ होतो, ‘ची’ची म्हणावं तर कानाला कसंतरी लागतं). तिथल्या साध्या चार्जरमधून जाते ५ वॅट. त्यातला अर्धा वॅट कुठे गायब झाला तर दहावा हिस्सा गेला, चोर लगेच दिसतो. तुझ्याकडे १,००० वॅट आहेत. त्यातले शंभर-सव्वाशे तसेही तारा, फेराइट (वेटोळ्याखालचा चुंबकीय थर) आणि स्विचिंगमध्ये (विजेच्या सतत चालू-बंद होण्यात) जळत असणार. वरचं वेटोळं बोटभर सरकलं की तो आकडा वीस वॅटने इकडेतिकडे होतो. नाणं खातं दोन-तीन वॅट. किराणा दुकानाच्या दिवसभराच्या गल्ल्यात दोन रुपये कमी आले म्हणून तू कुणाला पकडणार? आणि ११ किलोवॅटवर गेलास की हे आणखी बिघडतं.

म्हणून गाड्यांसाठी बेरीज-वजाबाकी सोडून वेगळा पहारेकरी ठेवतात. पाटाच्या वरच्या झाकणाखाली छोट्या छोट्या वेटोळ्यांची जाळी अंथरायची, पीसीबीवर (सर्किट छापायच्या पातळ पट्टीवर) छापलेली, एकेक वेटोळं साधारण चार-पाच सेंटिमीटरचं. त्यांचा चार्जिंगशी संबंध नाही. त्यांना मुख्य वेटोळ्यापेक्षा कितीतरी वरच्या वारंवारतेवर, अगदी थोड्या विजेने गुणगुणत ठेवायचं आणि प्रत्येकाचा इंडक्टन्स (प्रवाहामागे वेटोळं किती चुंबकीय क्षेत्र उठवतं) आणि रेझिस्टन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) बघत राहायचं. नाणं आता अख्ख्या पाटाच्या तुलनेत बारीक नाही, आपल्या खालच्या वेटोळ्याच्या तुलनेत चांगलं मोठं आहे. पहिली खुबी ही.

दुसरी पद्धत चार्जिंग चालू असताना कामाची. शेजारशेजारची दोन वेटोळी उलटसुलट गुंडाळून जोडायची. क्षेत्र दोन्हींवर सारखं असेल तर व्होल्टेज एकमेकांना मारतात आणि बाहेर शून्य येतं. एकावर धातू आला की तराजू कलतो. सुंदर पद्धत आहे, पण तिची एक खोडी प्रत्येक प्रोजेक्टवाल्याला शेवटच्या आठवड्यात कळते: नाणं बरोब्बर दोघांच्या मधल्या रेषेवर पडलं तर दोन्ही पारडी सारखीच हलतात आणि बाहेर शून्यच येतं. त्यावर उपाय म्हणजे अर्ध्या वेटोळ्याने सरकवलेला दुसरा थर. परीक्षकांसमोर नाणं ठेवताना ते स्वतः जागा निवडणार, हे लक्षात ठेव.

आता चुंबकाला चिकटणारं नाणं आणि न चिकटणारं नाणं. अ‍ॅल्युमिनियम किंवा दहाचं नाणं आलं की वेटोळ्याचा इंडक्टन्स कमी होतो. पोलादाचं दोन्हीकडून ओढाताण: त्याचं चुंबकत्व इंडक्टन्स वाढवतं आणि त्यातले एडी करंट तोच कमी करतात. एखाद्या वारंवारतेवर ही दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि इंडक्टन्सचा आकडा जागचा हलत नाही. तेवढ्यात रेझिस्टन्स मात्र वाढलेला असतो. तेव्हा दोन्ही मोज. नुसत्या इंडक्टन्सवर विसंबलास तर तुझं यंत्र नेमकं रुपया सोडून दहा रुपये पकडेल.

मधूनच आपोआप बंद का पडतं, याबद्दल माझा अंदाज असा की तुम्ही उंबरठा, म्हणजे ज्या आकड्याला बंद करायचं तो, एकच ठेवलाय आणि पाट तापतोय. तापला की सगळ्या वेटोळ्यांचे आकडे हळूहळू सरकतात. हळू सरकतंय ते ऊन, झटकन उडी मारतंय ते नाणं, असं ओळखायला शिकवा. पण मग पुढचा फास तयार होतो. गाडी यायच्या आधीपासूनच जे पडलंय त्याची उडी कधीच दिसत नाही. म्हणून सुरू करण्याआधीची तपासणी वेगळी हवी, स्वच्छ पाटाचे साठवलेले आकडे घेऊन, आणि तीही वर गाडी उभी असताना. गाडीच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो, तो सगळ्या जाळीचे आकडे बदलतो. पुन्हा गाडी रोज त्याच उंचीवर नसते. अमेरिकेच्या एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचं जे-२९५४ हे मानक २०२० साली पक्क्या स्वरूपात आलं, त्यात ३.७, ७.७ आणि ११.१ किलोवॅट असे वर्ग आहेत, आणि जमिनीपासून गाडीच्या वेटोळ्यापर्यंतचं अंतर १०० पासून २५० मिलिमीटरपर्यंत धरलंय. एवढ्या पट्ट्यात पहारेकऱ्याने न गोंधळता काम करायचं.

तुझ्याच गावात याची माणसं आहेत. व्हीएनआयटी ही तिथली अभियांत्रिकी संस्था आणि तिरुवनंतपुरमची सी-डॅक ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून १.५ किलोवॅटचा देशी चार्जर केलाय, ४८ व्होल्टच्या बॅटरीसाठी, दोन वेटोळ्यांमध्ये साडेबारा सेंटिमीटर ठेवून सुमारे ८९ टक्के कार्यक्षमता. जाऊन भेट. पत्राने जे दहा दिवसांत कळतं ते तिथल्या टेबलापाशी दहा मिनिटांत कळेल.

प्रश्न: आमच्या सोसायटीत एका सभासदाला असा पाट बसवून घ्यायचा आहे. कमिटीतले काही म्हणतात, खाली कचरा पडला की चार्जर स्वतः बंद होतो, मग आपल्याला काय त्रास? काही म्हणतात, आग लागेल. सचिव म्हणून मी कुणाचं ऐकावं?
(एक सचिव, पुणे)

उत्तर: झाडूवाल्या मावशींचं.

थट्टा नाही. आपल्या पार्किंगच्या फरशीवर काय काय पडतं ते त्यांना विचारा. दिवाळीनंतर महिनाभर फुलबाज्यांच्या तारा निघतात. नव्या गाडीला बांधलेली लिंबू-मिरची तारेत ओवलेली असली तर लिंबू वाळून जातं आणि तार खाली येते. फर्निचरवाल्याचे खिळे, केबलवाल्याने कापलेले तुकडे, की-रिंग, कोल्ड्रिंकचे डबे. सरळ तार फारशी तापत नाही. तीच वाकून तिची टोकं एकमेकांना टेकली की बंद कडं तयार होतं आणि प्रवाहाला फिरायला वाट मिळते. की-रिंग तर जन्मतःच कडं.

‘चार्जर स्वतः बंद होतो’ म्हणणारे बरोबर आहेत, पण माझी शंका पुढची आहे. तो वारंवार बंद पडायला लागल्यावर माणूस काय करतो? मी २६ वर्षं भोसरीत इंडक्शन हार्डनिंगच्या, म्हणजे विजेने तापवून पोलाद कडक करायच्या शॉपमध्ये काढली. गाडीचा शाफ्ट तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यात धरायचा, तीन-चार सेकंदांत तो लालभडक होतो, लगेच वरून पाण्याचा फवारा. तत्त्व तुमच्या पाटाचंच, फक्त तिथे तापवणं हेच काम. मशिनच्या दाराला स्विच होता, दार उघडं असलं तर वेटोळं सुरूच होऊ नये म्हणून. फवाऱ्याचं पाणी त्या स्विचवर उडायचं आणि दार नीट बंद असतानाही मशिन अडायचं. शिफ्टमध्ये आठ-दहा वेळा. टार्गेट बोर्डावर लिहिलेलं. एका सोमवारी मी बघते तर स्विचच्या कळीवर सायकलच्या ट्यूबचा रबर गुंडाळून ती कायमची दाबून ठेवलेली, इतकं व्यवस्थित काम की कौतुक वाटावं. मी सुपरवायझरला सांगितलं, तो म्हणाला, ‘मॅडम, बघतो.’

त्याच आठवड्यात एका ऑपरेटरने अडकलेला जॉब सरळ करायला हात आत घातला. मनगटात स्टीलचं कडं. वेटोळ्याला त्याचा हात लागला नव्हता, वीतभर लांब होता. त्याने असा झटका देऊन हात मागे घेतला की मागचा ट्रे सांडला. मनगटाभोवती लाल पट्टा उठला होता, कड्याच्या रुंदीचा, कंपासने काढावा तसा. कडं काढायला गार पाणी आणि साबण लागला. पुढे तो बरा झाला, खूण राहिली. अंगठ्या आणि कडी काढून ठेवायची पाटी त्या भिंतीवर आधीपासून होती, हेही सांगते.

सांगायचं म्हणजे, नाणं न पकडणारा पहारेकरी वाईट हे सगळ्यांना कळतं. सुकलेल्या पानाला चोर म्हणणाराही तितकाच वाईट. चार दिवस सकाळी गाडी रिकामी सापडली की पाचव्या दिवशी तुमचा सभासद इलेक्ट्रिशियनला विचारणार, ‘याची ती कटकट बंद करता येते का?’ आणि आपल्याकडे करता येत नाही असं काही नसतं.

म्हणून परवानगी द्या किंवा नका देऊ, पण त्याला विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी आणायला सांगा. चार्जिंग थांबलं तर मालकाला फोनवर लगेच कळतं का, पाटाच्या कुठल्या भागात काय सापडलं तेही कळतं का? आणि वस्तू काढल्यावर ते आपोआप पुन्हा सुरू होतं का? ही दोन उत्तरं ‘हो’ असली तर स्विचला रबर गुंडाळायचा मोह निम्म्याने कमी होतो. मला विचाराल तर सामायिक पार्किंगमध्ये मी अजून काही वर्षं वायरच वापरेन. वाकून प्लग लावण्याचे कष्ट मला तरी जड नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांचं मत वेगळं असू शकतं.

प्रश्न: मुलगा इथे बिनवायर चार्जिंगची गाडी घ्यायच्या विचारात आहे. आमच्या घरात मांजर आहे आणि थंडीत ती गाडीखाली जाऊन झोपते. पाट गरम लागला तर त्यावरच मुक्काम ठोकेल. ती भाजेल का?
(एक आजी, स्टुटगार्टजवळ)

उत्तर: आजी, आधी दिलासा. हे मायक्रोवेव्ह नव्हे. मायक्रोवेव्हची वारंवारता याच्या जवळजवळ २९ हजार पट असते आणि तिने अन्नातलं पाणी तापतं. ८५ किलोहर्ट्झला मांजराचं अंग तसं तापत नाही. पण तिच्या गळ्यात पट्टा आहे का? त्याला पितळी घंटी, नाव कोरलेला पत्रा, धातूचं बक्कल? ते तापेल, आणि ते तिच्या गळ्याशी आहे. शिवाय पाटाच्या अगदी वर चुंबकीय क्षेत्र इतकं दाट असतं की मज्जातंतूंमध्ये प्रवाह उठू शकतात. म्हणून मांजर दिसताच चार्जिंग थांबलं पाहिजे असंच धरून या गाड्या बनवतात.

जर्मनीत हे नवं नाही. बीएमडब्ल्यूने २०१८ साली ५३०ई गाडीबरोबर ३.२ किलोवॅटचा पाट दिला होता, साडेतीन तासांत बॅटरी भरायची. पोर्शने २०२५ साली दाखवलेल्या इलेक्ट्रिक केयेनचा पाट ११ किलोवॅटचा आहे आणि त्यात धातूसाठी वेगळी आणि हालचालीसाठी वेगळी राखण आहे. वेगळी का, तर मघाशी नागपूरच्या मुलाला सांगितलेल्या जाळीला मांजर दिसत नाही. मांजरात धातू नाही. तिच्यासाठी पाटाच्या कडेला रडार लावतात, किंवा शरीरातल्या पाण्याने बदलणारं कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) मोजतात. दोन्हींची आपापली रडगाणी आहेत. कपॅसिटन्सला पावसाचं डबकं आणि मांजर सारखीच वाटतात. रडारला हालचाल कळते, आणि तुमची मांजर एकदा मुटकुळं करून झोपली की पोट वरखाली होण्यापलीकडे हलणार नाही. त्यामुळे चांगली प्रणाली ‘आत्ता हलतंय का’ एवढंच विचारत नाही. आत आलेलं कोणी बाहेर गेलं का, याची नोंद ठेवते.

मुलाला शोरूममध्ये हाच प्रश्न विचारायला सांगा: झोपलेल्या मांजरावर चाचणी झालीय का? तोवर पट्टा कापडी आणि बक्कल प्लॅस्टिकचं घ्या. घंटीची हौस असेल तर ती दिवसा बांधा.

प्रश्न: मला पेसमेकर बसवलेला आहे. जावयाच्या गाडीत बसणं किंवा शेजारून जाणं सुरक्षित आहे का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नेमकं उत्तर तुमचे हृदयरोगतज्ज्ञ आणि पेसमेकरबरोबर मिळालेलं पुस्तक देईल, त्यांना ‘८५ किलोहर्ट्झ’ हा आकडा सांगून विचारा. मी फक्त आखणी सांगते. अशा क्षेत्रांपासून संरक्षणाचे नियम सुचवणाऱ्या आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० साली सर्वसामान्य माणसासाठी या वारंवारतेला २७ मायक्रोटेस्लाची (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) मर्यादा सुचवली. जे-२९५४ मानकात पेसमेकरवाल्यांसाठी ती १५ वर आणली आहे, आणि ती गाडीच्या आत आणि गाडीच्या बाहेर पाळायची असते. गाडीच्या खाली ती लागू नाही, तिथे आकडा हजाराच्या घरात जाऊ शकतो.

त्यामुळे बसायला, शेजारून जायला बंदी आहे असं नव्हे. पण किल्ली घरंगळून खाली गेली म्हणून गुडघ्यावर बसून, छाती जमिनीला लावून हात आत घालणं तुमचं काम नाही. जावयाला हाक मारा. त्यानेही आधी चार्जिंग बंद करावं, दहा मिनिटं थांबावं, आणि मग लाकडी काठीने किल्ली बाहेर ओढावी. बोटांनी उचलू नये, ती तापलेली असेल.